आक्का, तुमची जाळी आणि माझी पावलं

आक्का, तुम्हाला जाऊन आज पंधरा दिवस झाले आणि तुमची राजहंसीण, ती पाटलीण, मला अजून जाळीच्या आत येऊ देत नाही. सकाळी भरड्याचं घमेलं घेऊन गेले की मान जमिनीसरशी करून फिसकारत सरळ पायांवर चालून येते. काल पोटरीला असा चिमटा काढला की जागा हिरवीनिळी झाली. राजहंसाला माणूस कळतं असं तुमचं म्हणणं होतं, आणि त्याला फक्त घमेलं कळतं असं माझं. पंधरा वर्षं आपण हा वाद घातला. आता घमेलं तेच आहे आणि तरी ती मला चावते, तेव्हा तुमचं बरोबर होतं असं म्हणायला पाहिजे. पण मी इतक्यात म्हणणार नाही. कदाचित तुम्हीच तिला तसं शिकवून ठेवलं असेल.

बघा, अजून सुटत नाही. माझा स्वभाव संशयी, हे मी कधी लपवलं नाही. दूधवाल्याच्या मापात त्याचं बोट किती बुडतं ते मी पाहते. ह्यांना सातपूरच्या कारखान्यातून यायला उशीर झाला तर सायकल पंक्चर झाली होती की अजून काही, ते मी दोनदा विचारते, आणि दोन्ही वेळा उत्तर तेच येतं का ते बघते. पण ज्या माणसावर मी सगळ्यात जास्त वर्षं, सगळ्यात जास्त मन लावून संशय घेतला ते माणूस म्हणजे तुम्ही. माझ्या सख्ख्या नणंदबाई. इतकं लक्ष मी माझ्या मुलांकडेही दिलं नसेल.

तुम्ही कुंभमेळ्याच्या वर्षी आलात. माझ्या लग्नाला दोन वर्षं झाली होती आणि थोरला चार महिन्यांचा होता. कळवणच्या एसटीतून उतरून तुम्ही पाटाच्या पाण्याच्या चारीच्या कडेकडेने आपल्या मखमलाबादच्या मळ्यापर्यंत चालत आलात, एका हातात पत्र्याची पेटी, डोक्यावर फडक्याने झाकलेली पाटी. मला वाटलं, पाटीत भांडी असतील. तुम्ही ती ओट्यावर ठेवलीत, फडकं सोडलंत, आणि आतून चार बदकांनी माना वर काढल्या. सासर कायमचं सोडून आलेली बाई रडत येते, निदान दागिने तरी घेऊन येते. बदकं घेऊन कोण येतं? ह्यात कुठेतरी पाणी मुरतंय, असं मला तिथेच वाटलं.

तिकडे काय झालं ते तुम्ही नीट कधी सांगितलं नाहीत. नवऱ्याने दुसरी आणली आणि तुमच्या तीन वर्षांच्या मुलीला, वर्षाला, तिच्या आजीने ठेवून घेतलं, एवढंच आम्हाला कळलं. मुलगी तिकडे ठेवली आणि बदकं इकडे आणली, असं मी स्वयंपाकघरात ह्यांच्याजवळ बोलले. तुम्ही ओसरीत होता. ते तुमच्या कानावर गेलं का, हे मला आजपर्यंत माहीत नाही. गेलं असावं, कारण त्यानंतर तुम्ही वर्षाचं नाव माझ्यासमोर कधी काढलं नाहीत. ती दिवाळीच्या सुट्टीत यायची तेव्हाही तुम्ही तिला जाळीतच घेऊन बसायचात.

महिन्याभराने मी ह्यांना सातबाऱ्याचा उतारा आणायला लावला. त्यावर सासऱ्यांच्या मागे दोन नावं लागलेली होती, ह्यांचं आणि तुमचं. दीड एकराचा मळा, त्यात शेवंती, झेंडू आणि थोडा भाजीपाला, आणि त्याचे दोन धनी. माझ्या लग्नात ही गोष्ट कोणी सांगितली नव्हती. मी उतारा चारदा वाचला. मग खिडकीतून बाहेर पाहिलं तर तुम्ही चारीच्या बाजूच्या कोपऱ्यात बांबू रोवत होता.

त्या कोपऱ्यात पाणी झिरपायचं, काही पिकायचं नाही, म्हणून तुम्ही तो बदकांसाठी मागितला आणि ह्यांनी लगेच दिला. तुम्ही जाळी मारलीत, मध्ये खड्डा खणून त्याला सिमेंट लावलंत, चारीतून पाण्याची वाट काढलीत. मला वाटायचं, बदकं हे निमित्त आहे, खरा डाव जागेवर पाय रोवायचा आहे. पहिल्या पाडव्याला तुम्ही पंचवटीत फुलं द्यायला गेलात तेव्हा मी जाळीच्या कडेने चालून पावलं मोजली. दहा भरली. पुढच्या पाडव्याला बारा. तिसऱ्या वर्षी पंधरा. मी विचारलं तर म्हणालात, बदकं वाढली. वाढली होती, हे खरं आहे. पण बदकं वाढवणाऱ्याही तुम्हीच होतात ना?

शेवंतीच्या वाफ्यांत गोगलगायी फार व्हायच्या. तुम्ही सकाळी बदकांना तासभर वाफ्यांत सोडायचात आणि ती ओळीने गोगलगायी टिपत जायची. फुलांची पानं त्या वर्षापासून कुरतडलेली दिसेनाशी झाली. हे मला दिसत होतं आणि मी ते कधी बोलून दाखवलं नाही. उलट बदकं रोपं तुडवतात म्हणून कुरकुर केली. आमच्या भागात बदकाचं अंडं कोणी खात नाही, उग्र वास येतो म्हणतात, फार तर मूळव्याधीवर औषध म्हणून नेतात. पण ह्यांच्या कारखान्यात केरळचे आणि बंगालचे लोक होते, ते वाट बघायचे. हे पहिल्या पाळीला निघाले की तुम्ही भाताच्या तुसात अंडी बसवून डबा ह्यांच्या सायकलला अडकवायचात. मी दारातून बघायचे, डबा केवढा आहे ते.

एक गोष्ट मात्र तुम्ही माझ्यासाठी लपवलीत, आणि त्याचाही मी वाईट अर्थ काढला. बदकी नीट बसत नाही म्हणून तुम्ही तिची अंडी खुडूक कोंबडीखाली बसवायचात. एका वर्षी नऊ पिल्लं निघाली. तुम्ही बजावून गेलात की कोंबडीने काढलेली पिल्लं आहेत, पिसं फुटेपर्यंत पाण्यात सोडू नको. मला वाटलं, आपल्याशिवाय इथलं पान हलू नये म्हणून काहीतरी नियम करून ठेवायचे. बदकाच्या पिल्लाला पाणी नको, हे कधी कोणी ऐकलंय? मी सोडली. पाच मिनिटं छान पोहली आणि मग भिजून जड झाली, काठाला येऊन थरथरत पडली. त्यांच्या अंगाला आईचं तेल लागलेलं नसतं, हे मला कुठे माहीत होतं. तुम्ही आलात, पिल्लं पदरात घेतलीत आणि चुलीपाशी बसून एकेक पुसून, फुंकर घालून शेकलंत. पाच वाचली, चार गेली. संध्याकाळी ह्यांनी विचारलं तेव्हा तुम्ही म्हणालात, "मुंगसानं नेली." मी पोळ्या लाटत होते. मला हायसं वाटायला हवं होतं. त्याऐवजी वाटलं, हे आता जपून ठेवतील आणि वेळ आली की बाहेर काढतील. मी वर्षानुवर्षं त्या वेळेची वाट पाहिली.

राजहंस तुम्ही तिसऱ्या वर्षी आणलेत. मोठ्या बंगल्यांना आणि द्राक्षबागांना राखणीला ते लागतात, पिल्लांना मागणी असते, असं तुम्ही म्हणालात. पाटील आणि पाटलीण अशी तुम्हीच नावं ठेवलीत, त्यांची चाल बघून. मग मीही हट्टाने एक मादी घेतली. जाळीत सगळं तुमचंच का असावं? माझी गौरी. दोघी एकाच पाटीत अंडी घालायला लागल्या आणि पाटलीण बसली. तेव्हा कोणतं अंडं कोणाचं हे कळावं म्हणून मी कोळशाने गौरीच्या अंड्यांवर फुली काढली. तुमच्या अंड्यांवर तुम्ही नेहमीची रेघ ओढलीत. रवणीला, म्हणजे उबवायला, बसवलेल्या अंड्यांवर कोळशाची रेघ ओढायची आपली रीतच आहे, वरून कोणी नवं अंडं घातलं तर ओळखू यावं म्हणून. कोंबडीखाली ती रेघ पिल्लं निघेपर्यंत टिकते.

सातव्या दिवशी आपण अंडी तपासली, आठवतं? कोठीच्या खोलीची खिडकी गोणपाटाने झाकली, डालड्याच्या डब्याला भोक पाडून आत बल्ब लावला आणि भोकावर एकेक अंडं धरलं. डोकं डोक्याला लागत होतं. अंड्यात लाल रेषांचं जाळं दिसलं आणि मध्ये एक ठिपका लुकलुकला. मला तेव्हा दुसऱ्या वेळचे दिवस गेले होते. तुम्ही माझ्या पोटाकडे बघून म्हणालात, "तुझंबी आता आसंच दिसत आसंल बघ." त्या अर्ध्या तासात मला तुमचा जराही संशय आला नाही. मी आठवून पाहिलं आहे, तेवढा एकच अर्धा तास. दोन पोकळ अंडी आपण बाजूला काढली, बाकीच्यांवरच्या फिकट झालेल्या रेघा आणि फुल्या नव्याने ओढल्या.

पाच दिवसांनी मी पाटीत डोकावले तर एकाही अंड्यावर फुली नव्हती.

तुमच्या रेघाही गेल्या होत्या. पण चोर आपल्याही खुणा पुसतो, असं मी मनाशी ठरवून टाकलं. ह्यांची पाळी सुटायची वाट बघितली, ते आल्यावर त्यांच्यासमोरच विचारलं, खुणा कोणी पुसल्या. तुम्ही चारा कापत होता. म्हणालात, "मी कशाला पुसू गं?"

"मग काय तुमच्या पाटलिणीनं पुसल्या?" मी म्हणाले.

ह्यांनी खाली मान घातली. तुम्ही विळा बाजूला ठेवलात आणि म्हणालात, "जी निघतील ती समदी पिल्लं तू घे. मला नको." मी तेच धरून बसले. निर्दोष माणूस सगळं सोडून देतं का? भांडतं, शपथा घेतं. तुम्ही एक शपथ घेतली नाहीत. दुसऱ्या दिवशी तुम्ही जाळीला लागून पत्र्याची शेड उभी केलीत, आपली चूल तिकडे मांडलीत. घरातल्या घरात दोन चुली झाल्या. मी पत्रा धरायलाही आले नाही. मला वाटलं, आता तर राहतं घर झालं, कब्जा पक्का झाला. सातही पिल्लं मी घेतली.

पुढच्या वर्षीची गोष्ट तुम्हाला सांगायची राहिली आहे. खरं तर सांगायची होती एवढीच एक गोष्ट. पाटलीण पुन्हा बसली होती. धाकट्याला कडेवर घेऊन मी जाळीबाहेर दुपारची उभी होते, तुमच्या शेडकडे लक्ष ठेवत. पाटलीण पाटीतून उठली, अंड्यांवर पिसं आणि गवत ओढलं, खड्ड्यात उतरली, चांगली बुचकळ्या मारून न्हाली. मग तशीच ठिबकत आली आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसली. बसल्यावर चोचीने एकेक अंडं उलटवलं, पोटाखाली घोळवलं. मी जाळीला टेकून पुन्हा नीट पाहिलं. कोंबडी कोरडी बसते. राजहंसीण रोज न्हाऊन येते. पाटलिणीनेच पुसल्या होत्या. मी टोमणा म्हणून जे बोलले होते तेच खरं होतं.

चार पावलं चालले असते तर तुमची शेड होती. मी गेले नाही. मी विचार केला, आज माफी मागितली तर उद्या हिश्शाचं बोलणं निघेल तेव्हा मी कोणत्या तोंडाने उभी राहू? माझी दोन मुलं आणि दीड एकर. तुम्ही चोर असणं मला सोयीचं होतं, आक्का. हे लिहिताना लाज वाटते, पण ते तसंच होतं. शिवाय लगेच दुसरा संशय आला. तुम्ही तर रोज दुपारी तिथेच असायचात, पाटलीण न्हाऊन बसते हे तुम्हाला दिसलं नसेल असं कसं होईल? मग तुम्ही मला बोलावून का दाखवलं नाहीत? मला खोटं पाडायची संधी तुम्ही का सोडलीत? ह्या प्रश्नाचं उत्तर मी कितीतरी वर्षं शोधलं आणि प्रत्येक वेळी तुमचा नवा डाव शोधून काढला.

खुणा करायचं मी थांबवलं नाही. कोळसा सोडून शिसपेन्सिल घेतली, एवढंच.

पुढचा कुंभमेळा जवळ आला तसे आमच्या बाजूचे रस्ते रुंद झाले आणि मोटरसायकलवरून प्लॉटवाले यायला लागले. शेजारच्या मळ्यात दगड रोवले गेले. मी ह्यांच्या मागे लागले, आक्कांकडून हक्कसोडपत्र करून घ्या. हे विषय टाळायचे. सकाळी चहाबरोबर, रात्री जेवताना, मी सोडलं नाही. तुमच्याशी मात्र एक शब्द बोलले नाही, नुसते खडे टाकून बघायचे. अमक्याच्या बहिणीने भावाला सही करून दिली, तमकीने कोर्टात ओढलं. तुम्ही ऐकून घ्यायचात आणि बदकांना हाक मारायचात.

मग एका सकाळी तुम्ही ठेवणीतलं लुगडं नेसून ओट्यावर येऊन बसलात. ह्यांना म्हणालात, "चल भाऊ, सही कुठं करायची ती दाव."

कचेरीत कारकून वाचत होता आणि मी एकेका शब्दाला कान देत होते, कुठे काही अट घुसडली आहे का म्हणून. काही नव्हतं. तुम्ही चौथीपर्यंत शिकलेल्या, एकेक अक्षर जोडून नाव काढलंत, अंगठा लावायला नकार दिलात. बाहेर आल्यावर पंचवटीत उसाचा रस घेऊ म्हणालात. मी पेला हातात धरून बसले. मला वाटलं, आता मागतील, रस पाजून मागतील. तुम्ही पेला ठेवलात आणि म्हणालात, "माझी जाळी तेवढी जागच्या जागी राहू दे." मी मनात म्हटलं, हे बघा, निघालं ना. एवढ्याने भागणार नाही, अजून निघेल. मी भाजी घ्यायचं निमित्त करून तिथून उठले. अख्खा मळा सोडून देणाऱ्या बाईने चिखलाचा एक कोपरा मागितला, आणि मी त्यानंतर सहा वर्षं तुमच्या पुढच्या मागणीची वाट पाहत राहिले.

ती काही आली नाही. उलट एकदा मी तुमची बाजू घेतली तर तुम्हीच बुचकळ्यात पडलात. बर्ड फ्लूची हवा उठली होती ते वर्ष. आजूबाजूचे लोक आले, म्हणाले सगळी पाखरं काढून टाका, मुलाबाळांचं घर आहे. मी फाटकात उभी राहिले आणि सांगितलं, डॉक्टर तपासून गेले आहेत, एकही आजारी नाही, काढणार नाही. लोक गेल्यावर तुम्ही माझ्याकडे डोळे बारीक करून पाहिलंत. "का गं? काय काम हाय माझ्याकडं?" मी म्हणाले, काही नाही. तुमचा विश्वास बसला नाही. तेव्हा मला फार हसू आलं होतं. घरात येऊन मी एकटीच हसले, आणि मग जरा रडलेही.

तुमच्या शेवटच्या तीन दिवसांबद्दल मी इथे काही लिहीत नाही. दवाखान्यात मी तुमच्या पायांपाशी बसून होते. तोंडाला नळी होती, बोलता येत नव्हतं, पण ऐकू येत होतं. नर्स म्हणाली, बोला त्यांच्याशी. मी सांगितलं, पाटलिणीने चारा खाल्ला, बदकं बरी आहेत. खुणांचं बोलायला तोंड उघडलं आणि शेजारच्या खाटेवरच्या बाईचे नातेवाईक आले. मी उद्या बोलू म्हटलं. आक्का, तुमच्या भावासमोर तुम्हाला चोर ठरवायला मला काही वाटलं नव्हतं. लोकांसमोर माफी मागायला मात्र आडोसा लागत होता.

तुम्ही गेल्यावर पाचव्या दिवशी सकाळी हे जाळीपाशी उभे होते. मी विचारलं, इतकी वर्षं मनात होतं ते एकदाचं विचारून टाकलं, की आक्कांनी सही का केली. ह्यांनी जाळीची एक सैल तार पिळून घट्ट केली. मग म्हणाले, "रसाच्या गाड्यावर तू भाजीला उठलीस ना, तेव्हा बोलली ती. म्हणाली, 'सुमन रोज मोजती रे. बारा वर्सं झाली, तिचा जीव शिणला. आता तिला मोजायला काही ठेवू नको.'"

मला सांगितलं का नाही, असं मी विचारलं.

"तीच म्हणाली, सांगू नको. ह्यातबी ती काही शोधील."

आणि मी शोधलंच. खरं सांगते, पहिला विचार मनात आला तो असा की हे रचून सांगतायत, बहीण गेली म्हणून. मी पोलिसासारखं विचारलं, गाडा कुठला, मी कोणत्या बाजूला गेले होते, आक्का उभ्या होत्या की बसलेल्या. हे शांतपणे सगळं सांगत गेले आणि सगळं जुळत गेलं. मग विचारायचं काही उरलं नाही. पाडव्याला मी पावलं मोजायचे ते तुम्हाला ठाऊक होतं. पेन्सिलीच्या खुणा ठाऊक होत्या. तुम्ही मला कधी खोटं पाडलं नाहीत, कारण मी खोटी ठरले असते तर ह्या घरात कुठे तोंड दाखवलं असतं, हे मला नाही, तुम्हाला कळत होतं. मी तुमच्यावर लक्ष ठेवत होते आणि तुम्ही माझी काळजी करत होता. तुमचा मला राग येतो, आक्का. एवढं सोडून देण्यापेक्षा एक थोबाडीत मारली असतीत तर मी लवकर सुधारले असते.

परवा तेरावा झाला. वर्षा कळवणहून दहाव्यालाच आली होती. एकवीस वर्षांची झाली आहे, तुमच्यासारखीच उंच. तीन दिवस ती घरात वावरली, सगळ्यांना वाढलं, भांडी घासली, पण माझ्याशी कामापुरतंच बोलली. तिची नजर मी ओळखली. मी कपाट उघडलं की ती बघायची. मी ह्यांच्याशी हळू बोलले की तिचे कान टवकारायचे. तुमची पत्र्याची पेटी तिने माझ्यासमोर उघडली नाही, मी बाहेर गेल्यावर उघडली. मला राग यायला पाहिजे होता, पण आला नाही. तिच्या रूपाने मीच इकडून तिकडे फिरते आहे असं वाटत होतं.

निघायच्या वेळी ती पिशवी घेऊन जाळीपाशी थांबली. पाटलिणीने तिला आत येऊ दिलं होतं, पायांशी घोटाळत होती. हे तिला एसटीत बसवायला निघाले होते. तेवढ्यात ती वळली.

"मामी, एक विचारते. आईनं मळ्याची सही तिच्या मनानं केली, का तुम्ही करून घेतली?"

ह्यांनी घाईने उत्तर दिलं. म्हणाले, अगं तिने आपल्या मनाने केली, मी तिथेच होतो, मामी तर एक शब्द बोलली नाही. सगळं खरं होतं. कोणत्याही कोर्टात टिकलं असतं. मी नुसती मान हलवली असती तरी चाललं असतं. मळा माझ्या मुलांचा राहिला असता, आणि वर्षा संशय घेऊन गेली असती. पण संशयाने काही सिद्ध होत नाही, हे माझ्याइतकं कोणाला माहीत आहे?

"मी करून घेतली," मी म्हणाले. "बारा वर्षं लागली मला, पण मीच करून घेतली. तुझा हिस्सा आहे इथं. तो कागद उलटा कसा फिरवायचा ते मला माहीत नाही. तू थांब दोन दिवस, आपण दोघी जाऊन विचारू."

ह्यांनी माझ्याकडे पाहिलं.  डोळे बारीक करून वर्षा माझ्याकडे बघत राहिली, मी जे बोलले त्यात डाव काय आहे ते शोधत. मी तशीच उभी राहिले, आक्का, आणि तिला शोधू दिलं.